मुलीची फी आणि आईच्या पाटल्या

वाचकांचे प्रश्न: शिक्षणाचा खर्च, शिष्यवृत्ती, कर्ज

निकाल लागले, कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) याद्या लागल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला हिशेब बऱ्याच घरांना लागू पडेल.

विट्याहून एक आई लिहितात:

«माझ्या मुलीला पुण्यात खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून सीट लागली आहे. कॉलेजच्या कागदावर वर्षाची फी १,३२,०००, त्यात १४,००० विकास शुल्क. होस्टेल ६०,०००, मेस ४५,०००, शिवाय लॅपटॉप ५५,०००. चार वर्षांचे १० लाख होतात. यजमानांचं तमिळनाडूत गलाईचं (सोनं-चांदी गाळण्याचं) छोटं दुकान आहे. रिटर्न ५,४०,००० चा भरला आहे. आम्ही ओबीसी, जातवैधता आहे. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ मिळून नऊ तोळे सोनं आहे, ते ठेवून पैसे उचलावेत असं मला वाटतं. यजमान म्हणतात शैक्षणिक कर्ज काढू. पण मुलीच्या नावावर कर्ज असलं तर उद्या लग्नात अडचण येईल, ही मला भीती. दिरांच्या पतसंस्थेच्या कर्जाला यजमान जामीन होते आणि ते कर्ज थकलं आहे. काय करावं?»

ताई, पाटल्या हातातच राहू द्या. आधी कागद-पेन्सिल घ्या.

तुमचा १० लाखांचा आकडाच मुळात चुकीचा आहे. चूक तुमची नाही. कॉलेज सगळ्यांना एकच छापील कागद देतं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्याआधी ते निम्मं माफ होतं. अटी तीन: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, आणि कॉलेज खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नसावं. तुमची लेक तिन्हींत बसते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला असता तर हे काहीच मिळालं नसतं. शेजारपाजारचं कोणी «पैसे भरून चांगलं कॉलेज घ्या» म्हणालं तर हे ध्यानात ठेवा.

माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, होस्टेल, मेस हे तुम्हालाच भरायचं आहे. म्हणजे १,३२,००० मधले १,१८,००० गेले, उरले १४,०००. चार वर्षांचं विकास शुल्क ५६,०००, होस्टेल २,४०,०००, मेस १,८०,०००, लॅपटॉप ५५,०००. बेरीज ५,३१,०००. १० लाखांचे सव्वापाच झाले आणि अजून कोणाकडे हातही पसरलेला नाही.

आता मेसचे महिन्याला सरासरी पावणेचार हजार होतात. हे यजमानांनी दुकानातून दर महिन्याला पाठवावेत. जेवणाचे पैसे कर्जातून भरू नयेत असं माझं मत आहे. नियमात ते बसतं, पण लेकीनं दुसऱ्या वर्षी खाल्लेल्या भाकरीवर सातव्या वर्षी व्याज भरायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. मेस वजा केली की राहतात ३,५१,०००.

हा आकडा नीट बघा. ४ लाखांच्या आत आहे. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. ४ लाखांच्या वर गेलात की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के तुमचे. साडेसात लाखांपर्यंत तारण नको, कारण सरकारचा पतहमी निधी मागे उभा असतो. तरी ४ लाखांच्या आतलं प्रकरण शाखेत हलकं जातं, हे मी बँकेत टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे.

व्याज १० टक्के धरू, म्हणजे हिशेब सोपा. बँक सगळे पैसे एकदम देत नाही. पहिल्या वर्षी लॅपटॉप, होस्टेल आणि विकास शुल्क मिळून १,२९,०००, पुढची तीन वर्षं ७४,००० प्रमाणे. हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. तोवर सरळ व्याज साठत जातं, म्हणजे व्याजावर व्याज नाही. पाच वर्षांत हे साठलेलं व्याज होतं १,३१,१००. हप्ता सुरू होईल तेव्हा लेकीच्या नावावर ४,८२,१०० असतील आणि दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण ६,४०० बसेल.

दुसरा मार्ग असा की शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत जायचं. पहिल्या वर्षी ते १,०७५ रुपये, चौथ्या वर्षी २,९२५ पर्यंत चढतं. असं भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजात १ टक्का सूट देतात. मग शेवटी मूळ ३,५१,००० च राहतात आणि हप्ता ४,६०० च्या आसपास येतो. तुमच्या घराला हे झेपेल असं मला वाटतं. दुकानाचा महिना वाईट गेला आणि व्याज चुकलं तरी आकाश कोसळत नाही, ते मुद्दलात जाऊन बसतं.

आता सोन्याचं. सोनेतारण पंधरा मिनिटांत होतं, तोच त्याचा मोह. पण ते साधारण वर्षाचं असतं. वर्ष भरलं की व्याज भरा आणि नवं करा, नाहीतर लिलावाची नोटीस. तुमच्या लेकीला पगार सुरू व्हायला पाच वर्षं आहेत. पाच वेळा त्या खिडकीशी उभं राहायचं आणि दर वेळी गंगाजळी काढायची. गलाईवाल्याच्या घरात मी सोन्याबद्दल काय सांगावं! तरी सांगते, हे नऊ तोळे राखीव ठेवा. एखादं वर्ष राहिलं आणि माफी अडकली, घरात कोणाचं ऑपरेशन निघालं, तर तेव्हा दोन पाटल्या पंधरा मिनिटांत पैसे देतील. तो उपयोग आज जाळून टाकू नका.

लग्नाची भीती. तुमच्या पत्रातली हीच ओळ मी तीनदा वाचली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मुलाच्या नावावर कर्ज नको म्हणणारी आई मला भेटली नाही. मुलीच्या बाबतीत मात्र दर जूनमध्ये दोन-तीन तरी. काउंटरवर वडील फॉर्म भरत असायचे आणि आई हळूच विचारायची, «मॅडम, हे माझ्या नावावर नाही का होणार?» मी तेव्हाही सांगायचे आणि आताही सांगते: विद्यार्थिनी कर्जदार, आईवडील सह-कर्जदार, ही पद्धत आहे. हप्ता तिच्या पगारातून जाणार. सहा हजारांच्या हप्त्यावरून जे स्थळ मोडेल, ते मोडलेलंच बरं. लपवू मात्र नका. बघायला येतील तेव्हा पोह्यांच्या बशीबरोबरच सांगून टाका. माझ्या धाकट्या जावेनं लग्नानंतर चार वर्षं स्वतःचं कर्ज फेडलं आणि शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी घरात पेढे तिनेच आणले. सासऱ्यांनी दोन खाल्ले.

दिरांच्या थकलेल्या कर्जाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जामीनदाराच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) त्याचा डाग पडलेला असू शकतो आणि शाखाधिकारी पहिल्यांदा तेच बघेल. केवळ सिबिल स्कोअर कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. पण कोर्टाचा निकाल हातात धरून भांडेपर्यंत तुमच्या लेकीचं पहिलं सत्र संपेल. त्यापेक्षा यजमानांना आजच सिबिलचा अहवाल काढायला सांगा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. थकबाकी दिसली तर दिरांना घेऊन पतसंस्थेत जा, काहीतरी भरा आणि पावती घ्या. ती पावती अर्जाला जोडा. अधिकाऱ्याला आपणहून सांगितलेली गोष्ट आणि त्याने शोधून काढलेली गोष्ट यात फार अंतर असतं.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना तुम्ही ऐकली असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मंजूर झाली. निवडक नामांकित संस्थांतल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणाऱ्यांसाठी ती नाही. तुम्हाला वर्षाला १,१८,००० माफ होत आहेत. ३ टक्क्यांच्या मागे लागून ते सोडू नका. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला हप्ता सुरू होईपर्यंतच्या पूर्ण व्याजाची दुसरी सवलत आहे, तिच्यात तुम्ही ५,४०,००० मुळे बसत नाही. दाखल्यावर उत्पन्न कमी लिहून देणारा कोणीतरी सेतूच्या बाहेर भेटेल. रिटर्न भरलेल्या माणसाने हा खेळ मुळीच करू नये.

अर्ज कसा करायचा ते आता. मुलीच्या शुल्कमाफीसाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) स्वतंत्र अर्ज, आणि तो दर वर्षी नव्याने. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, नॉन-क्रिमिलेअर चालू मुदतीचा. तिचं बँक खातं आधारशी जोडलेलं असावं. इथे गंमत होते: सरकारी पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. कोणीतरी सिमकार्डबरोबर पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पोरीला ते आठवतही नाही, आणि पैसे तिथे जाऊन बसतात. आधी ते तपासा. मंजुरी आल्यावर संकेतस्थळावर जाऊन ‘रिडीम’ही करावं लागतं. कॉलेजने «तूर्त सगळी फी भरा, माफी आली की परत देऊ» म्हटलं तर भरू नका. पात्र मुलींकडून माफ शुल्क घेऊ नये असे सरकारचे आदेश आहेत. लेखी मागा, आणि दिलं नाही तर तंत्रशिक्षण संचालनालयाकडे तक्रार करा. बहुतेक ठिकाणी ‘लेखी द्या’ या दोन शब्दांनीच काम होतं.

३ टक्क्यांची सवलत घ्यायची नसली तरी कर्जाचा अर्ज पीएम-विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर करा आणि त्याची प्रत घेऊन विट्यातल्या शाखेतही जा, जिथे यजमानांचं जुनं खातं आहे तिथे. «तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही» हे कारण शैक्षणिक कर्जाला चालत नाही, रिझर्व्ह बँकेनेच तसं सांगितलं आहे. अर्ज नाकारायचा तर शाखाधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते, म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. यजमानांना दोन दिवस यावंच लागेल, सह-कर्जदाराची सही फोनवर होत नाही.

कॉलेजकडून एक पत्र घ्यायचं आहे, आणि याबद्दल मी जरा जास्तच सांगणार आहे. तासगावला असताना एका द्राक्षबागायतदाराला मी तीन वेळा परत पाठवलं. पत्रात फक्त पहिल्या वर्षाची फी होती, चारही वर्षांची हवी होती. दुसऱ्यांदा आणलं तर शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा मी रजेवर होते आणि माझ्या जागी कोणाला काही सांगून गेले नव्हते. चौथ्यांदा तो आला तो खातं बंद करायला. सावकाराकडून ३ रुपये शेकडा महिन्याने पैसे घेतले होते. मी पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळं लिहून दिलं असतं तर ते टळलं असतं. म्हणून तुम्हाला लिहून देते: पत्रात चारही वर्षांची, वर्षवार, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेली फी, होस्टेलची फी, कॉलेजचं खातं आणि आयएफएससी, सही आणि गोल शिक्का. लॅपटॉपचं दुकानाचं कोटेशन. मुलीचं आणि यजमानांचं पॅन. यातला एक कागद कमी असेल तर शाखेची पायरी चढू नका, आधी तो मिळवा.

डोंबिवलीहून एक वडील लिहितात:

«मुलाला अमेरिकेत एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. एकूण खर्च ४८ लाख. ८ लाख माझ्याकडे आहेत. ४० लाखांच्या कर्जासाठी बँक राहता फ्लॅट तारण मागते. एक वित्त कंपनी विनातारण द्यायला तयार आहे, पण व्याज बरंच जास्त. मी दोन वर्षांत निवृत्त होतो. तिथलं कॉलेज मदत देईल का?»

तिथल्या सरकारी मदतीचा जो फॉर्म प्रसिद्ध आहे, फाफ्सा, तो एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे परदेशी, विद्यार्थ्यांसाठी नाही. विद्यापीठाची असिस्टंटशिप असते, पण ती बहुतांश पीएचडीवाल्यांना जाते. एमएसवाल्याला पहिल्या सत्रात मिळेलच असं धरून हिशेब मांडू नका. आपल्याकडच्या दोन जागा नक्की बघा: जे. एन. टाटा एन्डाउमेंट, जी १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते, आणि के. सी. महिंद्र शिष्यवृत्ती, जी बिनव्याजी कर्ज असते. दोन्हींत मुलाखतीची तयारी लागते आणि वेळापत्रक प्रवेशाच्या आधीचं असतं.

मी एकच हिशेब करते. ४० लाख, दर वर्षी २० प्रमाणे, ११ टक्के. दोन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलत धरली तर तिसऱ्या वर्षाअखेर ११ लाख व्याज साठतं. ५१ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता ७०,००० च्या घरात जातो. आता मुलाला तिथे नोकरी लागली तर हे सहज फिटेल. प्रश्न तिथे लागली नाही तर काय, हा आहे. शिक्षणानंतर ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी चोवीस. त्यापुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा हवा, आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर मालकाला १ लाख डॉलर भरावे लागतील असं आलं, तेव्हापासून मालक मंडळी हात आखडून आहेत. मुलगा परत आला आणि इथे हातात ६०,००० आले, तर ७०,००० चा हप्ता कुठून देणार? तुमच्या पेन्शनमधून? ते जमत नसेल तर राहता एकुलता फ्लॅट तारण ठेवू नका. विनातारण कर्ज त्याहून वाईट, कारण तिथे हप्ता आणखी मोठा आणि सह-कर्जदार तुम्हीच.

मुलाला विचारा, जर्मनी चालेल का? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, तो एक अपवाद. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ त्यालाच परत मिळतात. खर्च बराच खाली येतो. भाषा शिकावी लागते, आणि मुलं इथेच तोंड वाकडं करतात. नाहीतर दोन वर्षं इथे नोकरी करून १० लाख साठवू दे आणि मग जाऊ दे. तुमचं उत्तर मुलाला आवडणार नाही, हे मला कळतं. मला शिव्या घाला, माझं नाव सांगा.

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक विचारतात, नातवाच्या कर्जावर सह-कर्जदार म्हणून सही केली आहे आणि व्याज मीच भरतो, तर मला प्राप्तिकरात सवलत मिळेल का?

नाही, गुरुजी. सगळे ज्याला ‘एटी-ई’ म्हणतात ती सवलत स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात अशा विद्यार्थ्याच्या कर्जाला मिळते. नातू त्यात येत नाही. सवलत फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही, व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. तुमची सून नोकरी करते असं पत्रात आहे. तीही सह-कर्जदार असेल आणि जुन्या प्रणालीत असेल, तर व्याज तिच्या खात्यातून जाऊ द्या. तुम्ही तेवढे पैसे तिला देत जा. सासऱ्याने सुनेला दिलेल्या पैशावर तिला कर लागत नाही.